वंध्य नरांकरवी कीडनियंत्रण

किडीची पैदास रोखण्यासाठी त्याच जातीचे वंध्य नर सोडण्याच्या पद्धतीला वंध्य कीटक तंत्र म्हणतात. प्रयोगशाळेत कीटक मोठ्या संख्येने वाढवून त्यांच्या कोषांवर कोबाल्ट-60 चे गॅमा किरण सोडतात. असे नर उडतात, मादीशी मीलनही करतात. पण तिची अंडी उबत नाहीत. अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड निपलिंग यांच्या या कल्पनेने 1954 मध्ये कुरासाव बेटावर जनावरांच्या जखमांत अंडी घालणाऱ्या स्क्रूवर्म माशीचा नायनाट झाला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नारळावरील सोंड्या भुंग्यासाठी असे संशोधन झाले आहे.

गोंदियाजवळच्या फुलचूर परिसरातील धानाचा गाभा पोखरणारा खोडकिडा ही पतंगाची अळी असते. पतंगांना वंध्य करायला किरणांची मात्रा जास्त लागते आणि त्याने नर दुबळे होतात. म्हणून कमी मात्रा देऊन पुढच्या पिढीत वंध्यत्व उतरवण्याचा मार्ग संशोधकांनी काढला. खोडकिडा रोखण्यासाठी धान उत्पादकांनी मात्र बांधीत कामगंध सापळे लावावेत, रोवणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून त्यावरील अंडीपुंज नष्ट करावेत आणि कापणीनंतर धसकटे वेचून काढावीत.