लग्नाच्या छायाचित्रामागील नावे



जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील आपल्या घरांतून लग्नाची छायाचित्रे कोठे भिंतीवर, तर कोठे पेटीच्या तळाशी लुगड्याच्या घडीत सापडतात. पणजीचे बहुधा नसतेच. आजीचे एखादे असते: आजोबा खुर्चीवर, कपाळी बाशिंग; आजी डोईवर पदर घेऊन बाजूस उभी. दीक्षेनंतरच्या पिढीच्या चित्रात वधूवरांच्या अंगावर शुभ्र वस्त्रे आणि मेजावर भगवान बुद्ध व बाबासाहेब यांच्या प्रतिमा.

आता कित्येक तरुण विचारतात, घरातले देव गेले, मग हे बाशिंगाचे चित्र कशाला ठेवावयाचे? फाडून का टाकू नये? माझे स्पष्ट मत आहे की फाडू नये.

बाबासाहेबांचेच आयुष्य पाहा. रमाईंशी त्यांचा विवाह भायखळ्याच्या बाजारात, दुकाने उठल्यावर रात्री लागला. पुढे १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह नोंदणी पद्धतीने झाला. त्याचे छायाचित्र आपण पाहिले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका पत्रातून त्यांनी बौद्ध विवाहाचा साधा विधी सांगितला. एका माणसाच्या हयातीत केवढी ही वाट! म्हणून त्यांच्या चरित्रातून पहिला विवाह कोणी वगळतो काय? आजीचे बाशिंग दिसले नाही, तर आईच्या पांढऱ्या लुगड्याचा अर्थ नातवंडांना कोण सांगणार?

माझी तक्रार निराळी आहे. चित्र उलटून पाहावे तर मागे ‘चि. अमुक याचा विवाह’ एवढेच. वधू कोण, कोणाची लेक, कोणत्या गावची? काही नाही. आपल्या उशाशी जुन्नरची लेणी आहेत. तेथे दान देणाऱ्यांची नावे दगडात कोरली आहेत. त्यांत यवन आहेत, धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणीही आहे. सुमारे दोन हजार वर्षांनी ती वाचता येतात, आणि आपल्या आजीचे माहेरचे नाव दोन पिढ्यांत पुसले जाते! डिंभे धरणाच्या पाण्यात जुने आंबेगाव बुडाले. त्या गावच्या लेकीचे माहेर तर आता लिहून ठेवले तरच उरणार.

हा केवळ आठवणीचा प्रश्न नव्हे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि सर्व विवाहांची नोंदणी व्हावी असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले. नोंदणीच्या वेळी लग्नपत्रिका व विधीचे छायाचित्र मागतात. जिचा विवाह नोंदलेला नाही अशा विधवेवर निवृत्तिवेतनासाठी किंवा जमिनीच्या हिश्श्यासाठी विवाह सिद्ध करण्याची पाळी आली, तर तो एक कागद तिच्या बाजूने बोलतो. तेव्हा नोंदणी आधी करा. चित्र तिच्या जोडीला असू द्या.

चित्राच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूस उमटतो. चिकट पानांचे अल्बम व लॅमिनेशन टाळावे. रंगीत चित्रे उन्हाने विटतात, ती भिंतीवरून उतरवून साध्या कागदी पाकिटात ठेवावीत. मोबाइलमधील चित्रांपैकी दोन-चार तरी छापून घ्यावीत. आणि घरात जी सर्वांत वृद्ध स्त्री असेल, तिला या आठवड्यातच शेजारी बसवून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव विचारावे. वधूचे सर्वांत आधी.