नवजात हृदयाची साक्ष

(देवस्थानच्या उत्सवप्रसंगी जांबोटी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बारसे आटोपल्यावर माता आपले मूल देवाच्या पायांवर घालण्यास येते, तेव्हा त्या इवल्याशा हृदयाने जन्माच्या वेळी केवढा घाट चढलेला असतो, याची जाणीव सहसा कोणास नसते. चोर्ल्याच्या वाटेवर राहणाऱ्यांस घाटाची दमछाक समजावून सांगावयास नको. प्रसूतीत प्रत्येक कळेसरशी वारेकडे येणारा आईचा रक्तपुरवठा क्षणभर मंदावतो. निरोगी बालक तेवढा वेळ सहज निभावते. पण कळा अडल्या, नाळ दबली किंवा वेळ फार लोटला, तर प्राणवायू अपुरा पडतो, रक्तात आम्ल साठते आणि हृदय थकू लागते.

हा थकवा ओळखावा कसा? बर्लिनचे डॉ. एरिक झालिंग यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी गर्भस्थ बालकाच्या मस्तकातून रक्ताचा थेंब घेऊन त्याची आम्लता मोजण्याची रीत घालून दिली. तीत पीएच ७.२० च्या खाली उतरला, की प्रसूती लांबवू नये, असा संकेत रूढ झाला. त्याआधी, १९५३ मध्ये, अमेरिकेच्या डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी जन्मलेल्या बालकास श्वास, नाडी, वर्ण, स्नायूंचा ताठरपणा आणि प्रतिसाद या पाच गोष्टींवरून गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती.

त्यानंतर रक्तातील आणखी साक्षीदार हाती आले. ट्रोपोनिन हे हृदयस्नायूच्या आकुंचनास लागणारे प्रथिन आहे. स्नायूच्या पेशींस इजा झाली, की ते रक्तात झिरपते. दुसरा साक्षीदार बीएनपी. जपानी संशोधकांस तो १९८८ मध्ये डुकराच्या मेंदूत प्रथम सापडला, म्हणून त्याच्या नावात मेंदू राहिला. पण तो मुख्यतः हृदयाच्या भिंतीवर ताण आला असता हृदयातूनच स्रवतो. थोडक्यात, एक जखमेची वार्ता देतो, तर दुसरा ओझ्याची.

मात्र या साक्षीचा अर्थ तारतम्याने लावावा लागतो. सुखरूप जन्मलेल्या बालकातही पहिल्या दिवसांत हे दोन्ही आकडे प्रौढांच्या मर्यादेहून वर असू शकतात व बीएनपी काही दिवसांत झपाट्याने उतरतो. म्हणून मोठ्या माणसाचे माप तान्ह्यास लावणे चुकीचे. शिवाय ट्रोपोनिन वाढण्यास काही तास लागतात. गुदमरलेल्या बालकापाशी तास नसतात. त्याचा निकाल मिनिटांत लागतो.

याचे उदाहरण दूर शोधावयास नको. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. शिवप्रसाद गौडर व त्यांचे सहकारी यांनी या जिल्ह्यात प्रसूती करणाऱ्या ५९९ जणांस एक साधे शिक्षण दिले: मूल पुसून कोरडे करावे, ऊब द्यावी, पाठ चोळावी आणि तरीही श्वास न आल्यास मुखवट्याच्या पिशवीने पहिल्या मिनिटातच हवा द्यावी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार मृतजात बालकांचे प्रमाण शेकडा ३ वरून २.३ वर आले. मेलेली म्हणून बाजूस ठेवली गेली असती, अशी काही बालके प्रत्यक्षात जिवंत होती, असाच याचा अर्थ होतो. ज्यांच्या घरी असे मूल पुरले गेले असेल, त्यांस हे वाक्य किती जड जाईल, हे सांगणे नलगे.

तथापि त्याच पाहणीत जन्मानंतरच्या महिन्यातील मृत्यू मात्र घटले नाहीत. रडू फुटले म्हणजे संकट टळले, असे नव्हे. उशिरा श्वास घेतलेल्या बालकाचे हृदय पुढील दिवसांत दगा देऊ शकते. रक्तातील साक्षीदारांचे खरे काम येथे सुरू होते. कोणत्या बालकाची हृदयतपासणी करावी व कोणावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे, हे ठरविण्यास ते वैद्यास साह्य करतात.

मातेविषयीही हेच म्हणता येईल. गर्भारपणात रक्ताचे आकारमान जवळजवळ दीडपट होते आणि ते ओझे हृदय वाहते. शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत क्वचित हृदयस्नायू दुर्बळ होण्याचा विकार जडतो. आडवे पडता धाप लागणे, रात्री खोकल्याची उबळ येणे, पाय सुजणे ही त्याची लक्षणे ‘बाळंतिणीचा अशक्तपणा’ म्हणून घरात दुर्लक्षिली जातात. निरोगी गर्भारपणात बीएनपी फारसा वाढत नसल्यामुळे तो चढलेला आढळणे हा स्पष्ट इशारा होय.

रक्त खरे बोलते. पण ते ऐकणाऱ्यापर्यंत माणूस वेळेवर पोहोचला पाहिजे. मलप्रभेच्या उगमाकडील या मुलुखात आषाढातला पाऊस वाट अडवितो. म्हणून दिवस भरत आलेल्या स्त्रीस पावसापूर्वीच दवाखान्याजवळच्या नातलगांकडे नेणे, गाडीची सोय आधी करून ठेवणे आणि धापेच्या तक्रारीस ‘सहन कर’ असे उत्तर न देणे, एवढे तरी प्रत्येक घराने पाळावे. देवापुढे ठेवावयाचे मूल आधी जगविणे, हीही सेवाच आहे.