चहाची पुडी आणि तिच्यावरचे नाव
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कणकुंबी येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर बोलण्यासाठी चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘चहा’ असे उत्तर दिले. ते हसले. ज्या गावात चहाचे एक झुडूप नाही त्या गावात चहावर व्याख्यान कशाला, असे आपल्यालाही वाटेल. पण मी काही वर्षे चहा बांधणीच्या धंद्यात काम केले आहे. परदेशी छापाची पाकिटे आपल्याच देशातल्या हातांनी कशी भरली जातात हे मी जवळून पाहिले आहे. त्या धंद्यातून आपल्या न्यासाने उचलण्याजोगे काही आहे अशी माझी खात्री झाल्यामुळेच मी हा विषय घेतला.

आधी एका शंकेचे निरसन करतो. कणकुंबीत एवढा पाऊस पडतो, डोंगर आहे, गारवा आहे, मग येथे चहा का होत नाही? कारण चहाच्या झाडाला पावसाच्या एकूण आकड्यापेक्षा त्याची वाटणी अधिक महत्त्वाची असते. आपल्याकडे चार महिने आभाळ फाटते, मलप्रभा उगमापाशीच दुथडी भरते, आणि दिवाळीनंतर जमीन कोरडी पडू लागते. चहाला वर्षभर थोडा थोडा ओलावा लागतो, आणि मुळाशी पाणी साचलेलेही त्याला चालत नाही. निलगिरीला दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो, म्हणून तेथे मळे फुलले. तेव्हा देवी माउलीने आपल्यावर अन्याय केला असे कोणी समजू नये. तिने आपल्याला काजू, फणस व कोकम दिले आहे. त्याकडे मी शेवटी येणारच आहे.

आता चहा तयार कसा होतो ते पाहू. मळ्यातून दोन पाने आणि एक कळी खुडतात. ही ओली पाने कारखान्यात पसरून बारा ते अठरा तास मलूल होऊ देतात. नंतर ती दातेरी रुळांतून जातात व तेथे चिरडून, फाटून, वळून त्यांचे दाणे होतात. हे सी.टी.सी. यंत्र विल्यम मॅककर्चर यांनी आसामातील आमगुरी मळ्यात १९३० च्या सुमारास सिद्ध केले. आपल्या घरातला दाणेदार चहा तो हाच. चिरडलेले पान हवेत ठेवले की, चिरलेले वांगे काळे पडावे तसे ते तांबूस होते. धंद्यात याला ‘आंबवणे’ म्हणतात, पण खरे पाहता ती हवेतल्या प्राणवायूची क्रिया होय. रंग आणि कडकपणा येथेच ठरतो. योग्य क्षणी माल भट्टीत घालून ही क्रिया थांबवतात, आणि पाण्याचा अंश सुमारे तीन टक्क्यांवर आणतात. शेवटी चाळण्यांवर दाणा, बारीक दाणा आणि भुकटी वेगळी होते. साडेचार किलो ओल्या पानांतून जेमतेम एक किलो चहा हाती येतो.

मळ्यातला हा चहा थेट आपल्या पाकिटात येत नाही. आसामचा चहा प्रथम लंडनच्या लिलावात विकला गेला तो जानेवारी १८३९ मध्ये, आणि तोही अवघ्या आठ पेट्या. कलकत्त्याचा लिलाव १८६१ मध्ये सुरू झाला. लंडनचा लिलाव तीन शतकांहून अधिक काळ चालून जून १९९८ मध्ये बंद पडला, आणि आपल्याकडचे लिलाव आता संगणकावर होतात. लिलावातून घेतलेल्या निरनिराळ्या मळ्यांच्या व निरनिराळ्या महिन्यांच्या चहांचे मिश्रण केले जाते. पावसाळी चहा फिका असतो, तर दुसरा बहर कडक असतो. गिऱ्हाइकाला मात्र बाराही महिने एकच चव हवी असते. म्हणून चाखणारा माणूस दर शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम चहा घेतो, सहा मिनिटे मुरवतो, घोट घेऊन थुंकतो आणि कोणत्या पेटीतले किती घालायचे ते सांगतो. ही मापे आंतरराष्ट्रीय मानकात लिहिलेली आहेत. हे मिश्रण म्हणजेच छाप. कागदावरचे चित्र मागाहून येते.

यानंतर बांधणी. पावसाळ्यात आपल्या घरातले पापड मऊ पडतात, आगकाडी पेटत नाही, मीठ पाझरते. तीन टक्के पाण्याचा कोरडा चहा अशा हवेत उघडा ठेवला तर त्याचे काय होईल हे कणकुंबीच्या गृहिणीला शिकवावे लागणार नाही. चहाचे शत्रू चार, ओल, वास, उजेड आणि हवा. शेजारी साबण किंवा मसाला ठेवला तरी चहा तो वास ओढून घेतो. पूर्वी हा माल प्लायवुडच्या पेट्यांत, आतून धातूचा पत्रा लावून जात असे. आता अनेक पदरी कागदी पोती आली, आणि लहान पाकिटांना ॲल्युमिनियमच्या वर्खाचा किंवा प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचा पदर असतो. हे ॲल्युमिनियम बॉक्साइटपासून होते, आणि बॉक्साइट म्हणजे आपल्या सड्यावरच्या तांबड्या जांभ्या दगडाचा भाऊबंद. त्याच दगडाच्या बळावर १९७० च्या सुमारास बेळगावला ॲल्युमिनियमचा मोठा कारखाना निघाला. चहाचे झाड आपल्याकडे नसले, तरी चहा जपणाऱ्या धातूचे माहेर आपल्या दारात आहे.

परदेशात पाकिटापेक्षा चहाची पिशवी अधिक खपते. ती १९०८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या थॉमस सलिव्हन या व्यापाऱ्यापासून सुरू झाली असे सांगतात. त्याने नमुने रेशमी पिशव्यांतून पाठवले, आणि गिऱ्हाइकांनी ते पिशवीसकट पाण्यात बुडवले. इंग्लंडात टेटली कंपनीने ती १९५३ मध्ये आणली. आज यंत्रे मिनिटाला शेकडो पिशव्या भरतात. एका पिशवीत साधारण दोन ग्रॅम चहा असतो, म्हणजे एका किलोच्या पाचशे पिशव्या झाल्या. पिशवीचा कागद केळीच्या जातीच्या अबाका झाडाच्या धाग्याचा असतो, म्हणून तो उकळत्या पाण्यात फाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. ज्या कारखान्यात ही पाकिटे भरली जातात तो कारखाना पुष्कळदा छापाच्या मालकाचा नसतो. मालक करार करतो व मिश्रणाचा तक्ता देतो. तो कागद, डबा, चित्र, वजन, सगळे ठरवून देतो, आणि बांधणारा फक्त बांधतो. प्रत्येक घाण्याला क्रमांक पडतो. प्रत्येक घाण्यातला नमुना जपून ठेवावा लागतो, म्हणजे सहा महिन्यांनी कोणी तक्रार केली तर तो उघडून पाहता येतो. दातेरी रुळांची झीज होऊन लोखंडाचा कीस मालात येतो, म्हणून माल चुंबकांखालून जातो. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने किलोमागे २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कीस चालत नाही. युरोपात माल जायचा तर फवारणीच्या औषधांचा अंशही तपासतात. कामगाराने हातातली अंगठी काढायची, डोक्याला टोपी घालायची, आणि वहीत वेळ लिहायची. यात कोणी ‘चालतंय की’ म्हटले, तर पुढची ऑर्डर येत नाही.

इतके सगळे करून बांधणाऱ्याला मिळते ती किलोमागे ठरलेली मजुरी, आणि छापाच्या मालकाला मिळते नावाची किंमत. ती किती असते? आपल्या देशातील टाटा टी कंपनीने २००० साली इंग्लंडची टेटली ही कंपनी २७ कोटी १० लाख पौंडांना विकत घेतली. टेटली त्या वेळी टाटा टीहून कितीतरी मोठी होती, आणि तरी लहान माशाने मोठा मासा गिळला. युनिलिव्हरने आपला बहुतेक चहाचा व्यवसाय, लिप्टनच्या नावासह, साडेचार अब्ज युरोंना विकल्याचे २०२१ मध्ये जाहीर केले व २०२२ मध्ये व्यवहार पुरा झाला. भारतातला व्यवसाय त्यात नव्हता. या किमतीत मळे व यंत्रे होती, पण मोठा भाग होता तो नावाचा. नाव म्हणजे काय? गेली शंभर वर्षे पाकीट उघडल्यावर गिऱ्हाइकाची फसगत झाली नाही, ही साठवलेली आठवण.

आणि पान खुडणाऱ्या हातांचे काय? केरळात मुन्नारच्या मळ्यांतील स्त्रिया सप्टेंबर २०१५ मध्ये बोनससाठी रस्त्यावर उतरल्या, तेव्हा साऱ्या देशाला कळले की पाकिटावर हसणारी बाई वेगळी आणि पान खुडणारी बाई वेगळी. हे आपल्याला नवीन नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या व घरी विड्या वळणाऱ्या बायांनी १९८० च्या सुमारास संघटना उभारली ती याच कारणासाठी. विडी वळायची हिने, बंडलावरचे लेबल दुसऱ्याचे. त्या बाईला छापाचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको.

म्हणून दोन टोकांच्या गोष्टी मी टाळतो. दुसऱ्याच्या नावाने माल बांधणे हे कमीपणाचे आहे असे मी म्हणत नाही. त्यातून शिस्त येते, वही ठेवायला शिकता येते, वजनाची लाज वाटायला लागते. पण त्यावरच विसंबून राहू नये. करार दोन-तीन वर्षांचा असतो, आणि मालकाला दुसरीकडे दहा पैसे स्वस्त मिळाले की शेड ओस पडते. यंत्राचे कर्ज मात्र बांधणाऱ्याच्या डोक्यावर उरते. असे ओस पडलेले शेड मी पाहिले आहे. तेथील मुलींना एका शनिवारी सांगितले गेले की सोमवारी येऊ नका. जिचे स्वतःचे काही नाव नाही त्या शेडला दुसरे गिऱ्हाईक लगेच मिळत नाही.

आता आपल्या न्यासाची गोष्ट. महोत्सवी निधीतून काय करावे यावर चर्चा चालू आहे. सभागृह वाढवावे असे काहींचे मत आहे, आणि त्यात गैर काही नाही. मी मात्र आपल्यासमोर वेगळी सूचना ठेवतो. निधीचा एक भाग एका कोरड्या, दगडी, पावसात न गळणाऱ्या बांधणीच्या खोलीसाठी ठेवावा. त्यात तपासलेला वजनकाटा, ओल मोजण्याचे यंत्र, पिशवी बंद करण्याचे यंत्र आणि एक जाड वही एवढे असले की पुरे. आपल्या भागातले काजू, कोकम, वाळवलेले फणस, आणि परसातली गवती चहाची पात आज सुटी, मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याकडे जाते. ती गोव्यात किंवा बेळगावात दुसऱ्याच्या पाकिटात बसते. आपली मुले-मुली चोर्ला घाट उतरून दुसऱ्यांच्या कारखान्यांत तेच काम करतात. काम त्यांना येते, पण खोली आपली नाही.

आक्षेप येईल की धर्मादाय न्यासाने धंदा करू नये. ते बरोबर आहे. न्यासाने खोली आणि शिकवण द्यावी. धंदा बहिणींच्या बचत गटांनी करावा, परवाना त्यांच्या नावे असावा आणि हिशेब त्यांनी लिहावा. दुसरा आक्षेप असा की एवढ्याने काय होणार. कदाचित फारसे होणार नाही. पण घरातली तरुण मुलगी सोमवारी कामावर येऊ की नको हे दुसऱ्याने ठरवायचे, की तिने स्वतः, एवढा प्रश्न यात नक्की आहे.

तीन अटी मात्र मी घालीन. पहिली, आरंभी दुसऱ्याचे माल बांधा, मजुरी घ्या आणि शिस्त शिका. दुसरी, पाकिटावर निव्वळ वजन, बांधणीचा महिना व कमाल किंमत कायद्याप्रमाणे छापली गेलीच पाहिजे, आणि आतला माल त्या अक्षराला जागलाच पाहिजे. तिसरी, ‘कणकुंबी’ हे नाव घाईने पाकिटावर घालू नका. तीन पावसाळे माल मऊ न पडता राहिला, एकही तक्रार आली नाही, नमुन्यांची कपाटे भरली, की मग घाला.

या तिसऱ्या अटीचे कारण सांगतो. दार्जिलिंग चहाला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली तेव्हा, २००४ साली, ती भारतातली पहिली अशी नोंद ठरली. दार्जिलिंग हे नाव कोणा एका कंपनीचे नाही. ते त्या डोंगराचे आहे, त्यामुळे ते लिप्टनप्रमाणे विकले जाऊ शकत नाही. तेथल्या कोणाही एकाने खोटा माल घातला तर सगळ्यांचे नाव जाते, आणि सगळ्यांनी जपले तर सगळ्यांना मिळते. गावाचे नाव हे सामायिक विहिरीसारखे असते. तिच्यात कोणी घाण टाकू नये म्हणून राखण लागते. पन्नास वर्षे या न्यासाने शिष्यवृत्त्या दिल्या, आजाऱ्यांना मदत केली आणि पै-पैचा हिशेब सभेपुढे ठेवला. अशी राखण करायला यापेक्षा योग्य संस्था मला दिसत नाही.

सूचना पसंत पडली तर पुढच्या सर्वसाधारण सभेत ती ठरावाच्या रूपाने यावी, आणि न पसंत पडली तर तिच्यावर मोकळेपणाने टीका व्हावी, एवढी माझी विनंती आहे.