अडगळीतील साखळी-करवत

2021 च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यालगतून उत्तरेकडे गेले, आणि ठिकठिकाणी झाडे उन्मळून रस्त्यांवर, छपरांवर व विजेच्या तारांवर आडवी झाली. अशा प्रसंगी पुष्कळ घरांना माळ्यावर पोत्याखाली पडून राहिलेल्या जुन्या साखळी-करवतीची आठवण होते. घाईघाईने ती खाली उतरविली जाते, दोरी दहा-वीस वेळा ओढली जाते, पण यंत्र दाद देत नाही. मग ‘हिचे आयुष्य सरले’ असा निकाल देऊन घरची माणसे मोकळी होतात. हा निकाल बहुधा चुकीचा असतो. साखळी-करवत कामाने झिजते, त्याहून अधिक ती दुर्लक्षाने निकामी होते.

या यंत्राचा जन्म मोठ्या कष्टांतून झाला. जर्मनीत आन्द्रेआस श्टील याने 1926 साली विजेवर चालणारी आणि 1929 साली पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत बनविली. ती इतकी जड होती की चालवावयास दोन माणसे लागत. आज एका हाताने उचलता येणाऱ्या करवतीचे मूळ तेथे आहे. आणि तिची रचना अद्यापही इतकी सरळ आहे की, चार पाने, एक पेचकस आणि थोडा धीर यांच्या बळावर ती घरच्या घरी उघडून पाहता येते.

पहिला प्रश्न असा, की ही करवत दुरुस्तीच्या योग्यतेची आहे काय? प्लग काढून ठेवावा, सायलेन्सरचे स्क्रू सोडवावे आणि त्या छिद्रातून बॅटरीच्या उजेडात दट्ट्या पाहावा. त्याची बाजू गुळगुळीत असेल तर आशा आहे. उभे खोल ओरखडे असतील तर इंजिन एकदा तापून अडकलेले आहे, आणि पुढचा खर्च विचार करूनच करावा. पुन्हा प्लग बसवून दोरी सावकाश ओढली असता हाताला स्पष्ट प्रतिकार जाणवला पाहिजे.

येथवर सर्व ठीक असेल, तर दोष बहुतेक वेळा इंधनाच्या वाटेत सापडतो. टाकीत राहिलेले पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि मागे चिकट राळ उरते. तिने कार्ब्युरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजतात. त्यातच हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते; ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. कार्ब्युरेटरमध्ये एक पातळ पडदा असतो. करवत आडवी-तिरपी कशीही धरली तरी इंजिनाला इंधन मिळते, ते या पडद्यामुळे. तो ताठ झाला की यंत्र मुके होते. पडदा, नळी आणि टाकीतील गाळणी बदलली, छिद्रे धुऊन काढली, की कित्येक करवती पुन्हा बोलू लागतात. नवे इंधन पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच मिसळावे: 1 लिटर पेट्रोलला 1:50 साठी 20 मिलिलिटर आणि 1:25 साठी 40 मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल. तेलावाचून हे इंजिन काही मिनिटांत जळते.

परंतु इंजिन सुरू झाले म्हणजे करवत सुधारली असे नव्हे. कापते ती साखळी. तिची कथाही मनोरंजक आहे. 1946 साली अमेरिकेतील ओरेगॉनच्या अरण्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सरपण फोडीत असता, एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी त्याला दिसली. ती सरळ न कुरतडता डावीकडे व उजवीकडे आलटून पालटून जबडा चालवीत होती. त्या निरीक्षणातून त्याने नवी साखळी घडविली, आणि 1947 साली पोर्टलंड येथील आपल्या घराच्या तळघरात तिचे उत्पादन सुरू केले. आजच्या साखळीचे दात त्याच पद्धतीने एक डावा, एक उजवा असे असतात. म्हणून धार लावतानाही प्रत्येक दातावर गोल कानशीचे सारखेच हात फिरवावे, कोन एकच ठेवावा, आणि कानस आतून बाहेर न्यावी. धार जमली की नाही, हे लाकूडच सांगते: धारदार साखळी ढलप्या उडविते, बोथट साखळी बारीक भुसा पाडते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर करवत क्षणार्धात उसळून चालविणाऱ्याच्या अंगावर येते. हा झटका ओळखून साखळी थांबविणारा ब्रेक 1970 नंतरच्या दशकात प्रचारात आला. त्यापूर्वीच्या करवतींना तो नाही. नंतरच्या जुन्या करवतींत तो पुष्कळदा गंजलेला असतो. रंगरंगोटी करून यंत्र चकचकीत करावयाचे आणि ब्रेक तसाच सोडावयाचा, हे पुनरुज्जीवन नव्हे. ती नटविलेली आपत्ती होय. ज्या करवतीला ब्रेकच नाही, तिने आठवण म्हणून कपाटात राहावे. काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा, कानांवर आच्छादन आणि पायांत भक्कम बूट असावेत. आणि इंजिनाची चाचणी बंद खोलीत कदापि घेऊ नये, कारण त्याचा धूर विषारी असतो.

काम संपल्यावर टाकी रिकामी करून, उरलेले इंधन जळून जाईपर्यंत इंजिन चालवावे, साखळी पुसून तेलावावी, आणि मगच करवत माळ्यावर ठेवावी. पुढच्या वादळाच्या रात्री वाटेवर झाड आडवे पडेल, तेव्हा या अर्ध्या तासाची किंमत कळेल.