बियाजिओ कावान्ना : विजेत्यांमागचे हात

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



१० जून १९४९ रोजी ‘जिरो द’इतालिया’ या शर्यतीचा, म्हणजे सायकलवरून होणाऱ्या इटलीच्या परिक्रमेचा, कुनेओ ते पिनेरोलो हा २५४ किलोमीटरचा टप्पा होता. वाटेत आल्प्स पर्वतातील पाच खिंडी होत्या. फाउस्तो कोप्पी पहिल्याच खिंडीच्या चढणीवर सर्वांना मागे टाकून निघाला आणि उरलेले १९२ किलोमीटर त्याने एकट्याने कापले. दुसरा आलेला जिनो बार्ताली काही सामान्य स्पर्धक नव्हता, पण तो पोहोचेपर्यंत जवळजवळ बारा मिनिटे उलटली होती. त्याच वर्षी कोप्पीने ‘तूर द फ्रान्स’ही जिंकली. एकाच वर्षात या दोन्ही शर्यती जिंकण्याचा पराक्रम त्यापूर्वी कोणालाही साधला नव्हता.

या विजयांची असंख्य छायाचित्रे उपलब्ध आहेत. त्यांपैकी मोजक्याच चित्रांत, तीही विश्रांतीच्या खोलीतील, एक स्थूल देहाचा, काळा चष्मा लावलेला गृहस्थ दिसतो. त्याचे हात कोप्पीच्या पायांवर असतात आणि चेहरा भलतीकडेच वळलेला असतो. हे बियाजिओ कावान्ना. ते पूर्णपणे अंध होते.

कावान्ना यांचा जन्म १८९३ साली उत्तर इटलीतील नोवी लिगुरे या गावचा. तारुण्यात त्यांनी मुष्टियुद्धाचा नाद केला, सायकलही चालवून पाहिली. पण नाव मिळावे असे त्यात काही घडले नाही. त्याच गावात, त्याच वर्षी जन्मलेला कोस्तान्ते जिरार्देंगो मात्र पुढे इटलीचा लाडका सायकलपटू झाला. मिलान ते सान रेमो ही शर्यत त्याने सहा वेळा जिंकली. ‘कांपिओनिस्सिमो’, म्हणजे विजेत्यांचाही विजेता, हे बिरुद प्रथम त्याला लाभले. कावान्ना त्याचे मर्दनकार झाले आणि पुढे १९३१ चा जगज्जेता लेआर्को ग्वेर्रा याचेही पाय त्यांच्या हाताखालून गेले.

मर्दन हा शब्द ऐकून ते हलके काम वाटण्याचा संभव आहे. परंतु तीन आठवडे चालणाऱ्या शर्यतीत स्पर्धक रोज सहा-सात तास पेडल मारतो. सायंकाळी त्याच्या मांड्या आणि पोटऱ्या लाकडासारख्या घट्ट झालेल्या असतात आणि दुसऱ्या सकाळी त्याच पायांनी पुन्हा पर्वत चढायचा असतो. कोणता स्नायू नुसता थकला आहे आणि कोणता दुखावला आहे, हे स्पर्धकाच्या आधी मर्दन करणाऱ्याच्या बोटांना कळावे लागते. आपल्याकडे तालमीतला जाणता वस्ताद नव्या पोराच्या पाठीवर हात फिरवून ‘हा टिकेल’ किंवा ‘हा नाही टिकणार’ असे सांगतो, त्याच जातीचे हे ज्ञान आहे. कावान्ना यांची दृष्टी गेल्यावर त्यांच्याजवळ हेच एक ज्ञान उरले आणि त्याच्याच बळावर ते पुढे उभे राहिले.

कोप्पी कास्तेल्लानिया या डोंगरातल्या खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा. नोवी लिगुरेतील एका खाटिकाच्या दुकानात तो कामाला होता आणि सायकलवरून घरोघर मांस पोहोचवीत असे. काटकुळे पाय, पुढे आलेली छाती, लाजरा स्वभाव. डोळसांनी त्याच्यात काय पाहावे? कावान्ना यांनी हातांनी पाहिले. त्या पोराची संथ नाडी आणि खोल श्वास यांचे मोल त्यांना उमगले. त्यांनी त्याचा आहार, झोप आणि सराव ताब्यात घेतला आणि मोठ्या संघापाशी त्याच्यासाठी शब्द टाकला. १९४० च्या ‘जिरो’त कोप्पी उतरला तो बार्तालीचा मदतनीस म्हणून. बार्ताली पडून जायबंदी झाला आणि विसाव्या वर्षी कोप्पीच ती शर्यत जिंकून गेला. ९ जूनला शर्यत संपली. १० जूनला इटलीने महायुद्धात उडी घेतली.

युद्धाने त्याची उमेदीची वर्षे गिळली. १९४२ च्या नोव्हेंबरात, मिलानवर बाँब पडत असतानाच्या दिवसांत, त्याने तिथल्या धावपट्टीवर एका तासात सुमारे ४५.८ किलोमीटर अंतर कापून विश्वविक्रम केला. पुढच्याच वर्षी ट्युनिशियात तो ब्रिटिशांचा युद्धकैदी झाला. १९४५ मध्ये परतल्यावर पुन्हा तेच गाव आणि तेच हात. मार्च १९४६ मध्ये मिलान–सान रेमो शर्यत त्याने चौदा मिनिटांच्या अंतराने जिंकली.

कावान्ना यांचे याहून मोठे काम म्हणजे त्यांनी घडविलेले ‘ग्रेगारी’. संघातील सहायक स्पर्धकाला इटलीत ग्रेगारिओ म्हणतात. वारा आपल्या छातीवर घेऊन नायकाला आडोसा देणे, पाणी आणणे, त्याचे चाक पंक्चर झाले तर आपले काढून देणे, हे त्याचे काम. जिंकणे हे त्याचे काम नव्हे. अशी पोरे कावान्ना यांनी गावोगाव हेरली आणि कठोर शिस्तीत वाढविली. आंद्रेआ कार्रेआ त्यांपैकीच एक. नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून तो जिवंत परतला होता. १९५२ च्या ‘तूर’मध्ये पुढे निसटलेल्या एका तुकडीवर नजर ठेवण्यासाठी तो तिच्यासोबत गेला आणि लोझानला पोहोचल्यावर त्याला कळले की, एकूण वेळेत आता तोच अव्वल आहे, पिवळी जर्सी त्याची! हा माणूस रडू लागला. नायकाचा मान आपण घेतला, या भयाने त्याने कोप्पीची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझचा चढ जिंकून कोप्पीने ती जर्सी अंगावर घेतली, तेव्हा कुठे कार्रेआला हायसे वाटले. असे स्वत्व विसरणे थोर की क्रूर, याचा निवाडा ज्याने-त्याने करावा. पण ते आपोआप घडत नाही, कोणीतरी ते घडवावे लागते, एवढे निश्चित.

या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. त्या काळी स्पर्धकांत ‘ला बोंबा’ नावाचे उत्तेजक मिश्रण सर्रास चाले. आपण ते घेत होतो, अगदी नेहमीच, हे कोप्पीने पुढे उघडपणे सांगितले. तेव्हा त्यावर बंदी नव्हती, हे खरे. परंतु १९६७ मध्ये मोंव्हांतूच्या चढावर टॉम सिम्प्सन हा इंग्रज स्पर्धक कोसळून मरण पावला, तेव्हा त्या सवयीची किंमत सर्वांना कळली. शिष्याच्या शरीराची सारी निगा ज्यांच्या हाती होती, त्या कावान्ना यांना या जबाबदारीतून अलगद बाजूला काढता येणार नाही. पडद्यामागे राहणाऱ्याला श्रेय थोडे मिळते, म्हणून दोषही थोडाच द्यावा, असा न्याय नसतो.

कोप्पीच्या अंताला मात्र गुरूचे हात उपयोगी पडले नाहीत. १९५९ च्या डिसेंबरात तो आफ्रिकेतील अपर व्होल्टा, म्हणजे आजच्या बुर्किना फासो, देशात गेला होता. तिथून त्याने हिवताप आणला. सोबतचा फ्रेंच स्पर्धक राफाएल जेमिनियानी याला मायदेशी योग्य निदानामुळे वेळेत उपचार मिळाले आणि तो वाचला. इटलीतील डॉक्टरांना कोप्पीचा आजार ओळखता आला नाही. २ जानेवारी १९६० रोजी, चाळिशीतच, त्याने तोर्तोनाच्या रुग्णालयात प्राण सोडला. कावान्ना त्यानंतर दोन वर्षेही जगले नाहीत. १९६१ च्या डिसेंबरात ते गेले.

नोवी लिगुरेत २००३ साली सायकल शर्यतींचे एक संग्रहालय उभे राहिले. त्याच्या नावात ‘कांपिओनिस्सिमी’ असा अनेकवचनी शब्द आहे. तो जिरार्देंगो आणि कोप्पी या दोघांना उद्देशून आहे.