गिऱ्हाईक कोणता शब्द टाकतं?

(बोरिवलीला झालेल्या गटांच्या बैठकीत आपल्या क्षेत्र समन्वयक ताई जे बोलल्या, ते इथे देत आहोत.)



आज नाचणीवर बोलायचंय. नाचणी कशी भाजायची, पापड कसे लाटायचे हे मी तुम्हाला काय सांगणार, ते तुमच्याकडूनच शिकलेय. मी बोलणार आहे नाचणीच्या नावावर.

आपण नाचणी म्हणतो. नाशिककडच्या बाया नागली म्हणतात. आणि इथे अंधेरीत राहणारी, कडेवर बाळ असलेली आई मोबाईलमध्ये काय टाकते? बऱ्याचदा 'रागी'. हा शब्द कर्नाटकाकडचा, पण डबाबंद बाळाहाराने तो घरोघरी पोचवला. 2023 हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा 'मिलेट' हा शब्दही पाकिटांवर जोरात आला. धान्य एकच, नावं चार. आता आपल्या ऑनलाइन पानावर नुसतं 'घरगुती पौष्टिक पीठ' आणि खाली गटाचं नाव असेल, तर त्या आईला आपण सापडणार कसे? गटाचं नाव आपल्याला प्रिय आहे, असायलाच हवं. पण जिने ते कधी ऐकलंच नाही, ती ते शोधेल तरी कशाला?

गूगलचं काम कसं चालतं, थोडक्यात सांगते. त्याचे प्रोग्राम रात्रंदिवस इंटरनेटवरची पानं वाचत फिरतात आणि कुठल्या पानावर काय आहे याची एक भलीमोठी वही ठेवतात. कुणी शब्द टाकला की ही वही उघडायची आणि जास्त उपयोगी वाटेल ते पान वर दाखवायचं. वहीत जे नाही ते दिसत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेला लाडूचा फोटो कितीही सुंदर असला तरी तो ग्रुपपुरताच. गूगल तिथे शिरत नाही. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांचा शोध आणखी वेगळा. त्यांची वही त्यांच्या दुकानापुरती. पण पहिला नियम दोन्हीकडे तोच: मालाच्या नावात गिऱ्हाइकाचा शब्द हवा.

गूगलला नाचणी आणि रागी एकच हे बऱ्याचदा कळतं, पण आपण त्या भरवशावर का राहायचं? नाव असं लिहा: 'नाचणी पीठ, रागी पीठ, मोड आणलेलं, 500 ग्रॅम'. इंग्रजी अक्षरांतही लिहा, कारण शहरातली पुष्कळ माणसं मराठी शब्दसुद्धा इंग्रजी अक्षरांत टाकतात. खाली चार ओळी: कशापासून केलं, किती दिवस टिकतं, आंबील कशी करायची. फोटोवर छापलेल्या अक्षरांवर विसंबू नका. जे सांगायचं ते मजकुरातही लिहा.

शब्द शोधायचे कुठून? मोबाईल काढा, गूगल उघडा, 'नाचणी' टाका आणि थांबा. खाली आपोआप ओळी येतात ना? लोक जे शोधतात त्यातूनच त्या येतात. वहीत उतरवून घ्या. मग 'रागी' टाकून बघा. फुकट आहे, पाच मिनिटांचं काम.

मुलुंड-घाटकोपरला गुजराती वस्ती मोठी. तिथली बहीण लोणच्याला 'अथाणुं' म्हणते. मग आपणही तेच लिहावं का? इथे जरा जपून. तिला गोड छुंदा हवा असेल आणि आपण पाठवलं मोहरीचं झणझणीत लोणचं, तर माल परत येईल, वर एक चांदणी देऊन जाईल ती वेगळीच. गोडा मसाला आणि काळा मसाला यांचंही तेच. काही घरांत दोन्ही एकच, पण मराठवाड्याचा काळा मसाला मागणाऱ्याला पुण्याचा गोडा चालायचा नाही. जे आहे तेच लिहा. एकच शब्द दहादा कोंबणं तर नकोच, गूगल ते फसवणुकीत धरतं.

आता ज्यासाठी मी खरी आलेय ते. काही गटांना फोन येतायत: "मॅडम, पाच हजार भरा, तुमचं दुकान गूगलवर पहिल्या नंबरला आणतो." ताईंनो, पहिल्या नंबरची खात्री कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगतं. पैसे घेऊन वर दाखवतात ती जाहिरात असते, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं, आणि पैसे थांबले की ती जाते. आपल्या नेहमीच्या यादीतली जागा विकत मिळत नाही. ते पाच हजार गटाच्या बचतीतले आहेत, कुणाच्या तरी पोरीच्या फीसाठी कर्ज म्हणून गेले असते. ओटीपी आणि पासवर्ड तर अजिबात देऊ नका. दुकानाचं खातं गटाच्याच मोबाईल नंबरवर हवं. कुणाच्या भाच्याने हौसेने स्वतःच्या नंबरवर उघडून दिलं असेल, तर या आठवड्यातच बदलून घ्या. भाचा चांगलाच असेल हो, पण उद्या त्याला नोकरी लागली, नंबर बदलला, तर आपलं दुकान कुठे शोधायचं?

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने आपल्या एकाच वस्तूचे शब्द लिहून आणायचे, मराठी आणि इंग्रजी अक्षरांत. दहा सापडले तरी पुरे. मोबाईल चार्ज करून आणा, तिथेच बसून नावं बदलू.