धार जेथे धातूला टेकते



काळ्या रानात पाऊस पडून गेला आणि वापसा येण्याआधीच कोणी घाईने नांगर घातला, तर काय होते हे आपणांस सांगावयास नको. ओली माती लोखंडी फाळाला आणि पंखाला धरून बसते. मग मागून येणारी माती लोखंडावरून सरकत नाही. ती चिकटलेल्या मातीवरून सरकते. नांगर जड जातो. चार दिवसांनी वापसा आला, की त्याच रानात तोच नांगर हलका चालतो. म्हणजे फाळ आणि माती यांची जेथे गाठ पडते, त्या जागी काय घडते यावर पुष्कळसे काम ठरते. आज मला हीच गोष्ट सांगावयाची आहे. फक्त मातीच्या जागी पोलाद घ्यायचे आहे.

लेथ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. पोलादाचा दांडा फिरत असतो, टूलची धार त्याला टेकते आणि सुताराच्या रंध्यातून निघावे तसे धातूचे सालपट निघते. कारखान्यात त्याला चिप म्हणतात. ही चिप टूलच्या तोंडावर घासत पुढे जाते. पण किती अंतर घासते? बहुधा मिलिमीटरभर, कधी त्याहूनही कमी. एवढ्याशा जागेत दाब मात्र दर चौरस सेंटिमीटरला दहा टनांच्या घरात जाऊ शकतो. कार्बाइडच्या टूलने पोलाद वेगाने कापताना तेथील उष्णता हजार अंश सेल्सिअसच्या आसपासही पोचते. टूल झिजते ते येथे, तुटते तेही पुष्कळदा येथूनच. आणि नेमकी हीच जागा डोळ्यांना दिसत नाही, कारण वरून चिपच तिला झाकून टाकते.

जे दिसत नाही ते गणिताने काढता येईल काय? अभियंते त्यासाठी ‘फायनाइट एलिमेंट’ नावाची पद्धत वापरतात. अमेरिकेतील रे क्लफ यांनी १९६० साली तिला हे नाव दिले. नाव अवघड वाटले तरी कल्पना ओळखीची आहे. वाकड्यातिकड्या शेताचे क्षेत्रफळ काढावयाचे असले, की आपण त्याचे त्रिकोण पाडतो, एकेकाचे क्षेत्रफळ काढतो आणि बेरीज करतो. येथे धातूचे आणि टूलचे असेच हजारो लहान तुकडे कल्पावयाचे. प्रत्येक तुकडा किती दाबला गेला, किती तापला, याची समीकरणे मांडावयाची आणि सर्व एकत्र सोडवावयाची. हे काम संगणक करतो. सेकंदाच्या एका लहानशा अंशात घडणारी गोष्ट सोडवावयास त्याला कित्येक तासही लागतात.

आता गंमत बघा. एका जागी दोन वस्तू मावत नाहीत, हे लहान मुलालाही कळते. संगणकाला ते ठाऊक नसते. आपण सांगितले नाही, तर त्याच्या हिशेबात चिप खुशाल टूलच्या पोटातून आरपार निघून जाईल! म्हणून प्रत्येक क्षणी तपासावे लागते, की चिपचा एखादा बिंदू टूलच्या आत शिरला काय? शिरला असेल, तर तेथे एक स्प्रिंग आहे असे मानून त्याला मागे ढकलावयाचे. एक रूढ रीत अशी आहे. ही मानलेली स्प्रिंग मऊ ठेवली, तर बिंदू आत घुसतच राहतात. ती फार ताठ केली, तर हिशेब थरथरू लागतो किंवा इतक्या बारीक पावलांनी चालतो, की संपता संपत नाही. अनुभवाने मधला मार्ग काढावा लागतो.

पण खरी अडचण याच्या पुढची आहे, आणि तेथे मला शाळेतील शिक्षकबंधूंची व भगिनींची आठवण होते. चिप टूलवरून सरकताना घर्षण किती होते? आपण वर्गात शिकवतो, की घर्षण हे दाबाच्या प्रमाणात असते. दाब दुप्पट, तर घर्षण दुप्पट. फ्रान्समधील आमोंताँ यांनी १६९९ साली हा नियम मांडला आणि पुढे १७८५ साली कुलोम यांनी तो पक्का केला. लाकडी ठोकळा आणि वजने घेऊन आपण तो पडताळूनही दाखवतो. मग तोच नियम संगणकाला सांगितला, की झाले!

तसे होत नाही. का, ते पाहू. दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले, तरी ते सर्वत्र टेकत नाहीत. त्यांच्यावरचे सूक्ष्म उंचवटेच तेवढे टेकतात. दाब वाढला, की अधिक उंचवटे टेकतात, म्हणून घर्षण वाढते. केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी १९५० च्या सुमारास ही गोष्ट नीट उलगडून दाखवली. परंतु दाब इतका वाढला, की सगळीच जागा टेकली, तर पुढे वाढावयास काही उरतच नाही. तेव्हा चिपचा तळ टूलला चिकटतो आणि धातूच धातूवरून सरकतो. अगदी त्या ओल्या मातीसारखा.

अंकांनी पाहू. समजा, घर्षणाचा गुणांक ०.६ आहे आणि त्या तापलेल्या पोलादाचे थर एकमेकांवरून सरकावयास दर चौरस सेंटिमीटरला ५ टनांचा जोर पुरतो. धारेपाशी दाब १० टन आहे. शाळेतील नियमाप्रमाणे घर्षण ६ टन आले. पण ५ टनांवर धातू स्वतःच्या आतच सरकू लागतो. ६ टन तेथे उभेच राहू शकत नाहीत. थोडे मागे, जेथे दाब ४ टन आहे, तेथे घर्षण २.४ टन येते, आणि तेथे नियम बरोबर आहे. म्हणजे एकाच मिलिमीटरात दोन प्रदेश झाले: धारेजवळ चिकटण्याचा आणि मागे घसरण्याचा. सोव्हिएत संशोधक झोरेव यांनी १९६३ साली हे चित्र मांडले. त्यावर आधारलेला नियम आजही संगणकाला दिला जातो: दोन अंकांपैकी जो लहान, तो घे.

आता कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशासाठी? त्यात बरेच काही अडकलेले आहे. पुष्कळ वेळा असे होते, की घर्षणाचा आकडा थोडा इकडेतिकडे करून कापण्याचा मुख्य जोर प्रत्यक्ष मोजमापाशी जुळवून घेतला जातो. आकडा जुळला, पडद्यावर रंगीत चित्र उमटले, सर्वांचे समाधान झाले. पण तो मुख्य जोर बहुतांशी धातू फाडण्यात खर्च होतो. टूलच्या तोंडावरचे घर्षण अधिक करून दिसते ते टूल पुढे रेटावयास लागणाऱ्या जोरात, म्हणजे फीडच्या जोरात. आणि हिशेबात हाच जोर पुष्कळदा कमी येतो. मग उष्णतेची जागा चुकते. पोलाद कापणाऱ्या टूलला खड्डा पडतो तो धारेच्या किंचित मागे. हिशेब तो भलतीकडे दाखवील. त्या भरवशावर टूल निवडणाऱ्या छोट्या कारखानदाराचे पैसे जातील, आणि यंत्रावर उभा असलेला आपल्याच गावचा मुलगा ‘टूल लवकर का तुटले?’ म्हणून बोलणी खाईल.

म्हणून मोठा संगणक हाती असला, तरी साधी मोजमापे सोडू नयेत. दोन्ही जोर मोजावेत. चिपची जाडी मायक्रोमीटरने मोजावी. टूल काढून भिंगाखाली धरावे, म्हणजे चिप किती लांबवर घासत गेली त्याची खूण दिसते. या चारही गोष्टी हिशेबाशी जुळल्या, तरच त्या न दिसणाऱ्या जागेबद्दल काही विश्वासाने बोलता येईल.

शिक्षकांना एक विनंती आहे. घर्षणाचा नियम जरूर शिकवा. तो खोटा नाही. पण त्याच तासाला कणकेचा एक गोळा आणि पोळपाटही वर्गात आणा. पोळपाटावर पीठ भुरभुरून गोळा हलकेच ढकला, तो सरकेल. मग पीठ पुसून तो तळहाताने जोरात दाबा आणि पुन्हा ढकला. खालचा थर लाकडाला धरून राहील आणि वरची कणीक पुढे जाईल. मुलांना विचारा, आता काय कशावरून सरकले? नियम कोठवर चालतो आणि कोठे थांबतो, हे त्यांना पाठ न करता समजेल. त्यांतलाच एखादा उद्या संगणकापुढे बसेल, तेव्हा रंगीत चित्र पाहून तोच प्रश्न पुन्हा विचारील.